आपण कशाला मध्ये पडा?

शाल नंतर द्या. आधी सगळे खाली बसा. मागे खिडकीपाशी टेकून जे उभे आहेत, त्यांनीही. दहावी सोडून इतकी वर्षं झाली तरी टेकायची जागा तीच. बघतेय मी.

मला आशीर्वादाचे दोन शब्द बोलायला सांगितलंय. आशीर्वाद पत्रिकेत छापलाय, घरी नेऊन वाचा. मी बोलणार आहे ते मघाशी पंगतीत ऐकलं त्याबद्दल.

तुमच्या वर्गातल्या एकीचा विषय निघाला. ती का आली नाही, असं कोणीतरी विचारलं. कोणीतरी उत्तर दिलं, "तिचे साहेब सोडतील तेव्हा ना!" आणि पंगत हसली. मग श्रीखंडाची वाटी पुढे सरकवत एकेकाने आपापल्याकडचं काढलं. एकीने कुठल्याशा लग्नात तिच्या दंडावर काळेनिळे डाग बघितले होते, ऐन मे महिन्यात ती पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालून आली होती तेव्हा. एकाला माहीत होतं की तिचा फोन कायम स्पीकरवर असतो. एकीजवळ तिने हजार रुपये उसने मागितले होते, "ह्यांना कळू देऊ नकोस" म्हणून. महिना पगार घेणारी बाई, आणि हजार रुपये उसने! एवढं सगळं पानावर वाढून झाल्यावर कोणीतरी म्हणालं, "जाऊ दे, नवरा-बायकोचं आहे. आपण कशाला मध्ये पडा?" आणि तुम्ही पुढच्या विषयाला लागलात.

पाच जणांकडे पाच तुकडे होते. जोडले तर पूर्ण साक्ष होते. तुम्ही त्याची चटणी करून तोंडी लावलीत.

तिचं नाव मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. आणि आधीच बजावते, इथलं एक अक्षर तुमच्या त्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलं तर माझ्याशी गाठ आहे. ती त्या ग्रुपवर आहे. म्हणजे तिचा नवराही आहे. रात्री तो तिचा फोन तपासतो हे तुमच्यातलीच एक सांगत होती. आणि दुपारी त्याच फोनवर "कधी सुटका गं तुझी?" असं लिहून खाली हसरे चेहरे टाकणारेही तुमच्यातलेच. त्या गमतीची भरपाई रात्री तिला कशी करावी लागली असेल, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही?

नागरिकशास्त्र मी शिकवलं तुम्हाला. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचात, म्हणून आज पुन्हा शिकवते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांना संरक्षण देणारा कायदा 2005 साली झाला आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला. तुमची लग्नं जमत होती तेव्हाची गोष्ट. हाड मोडल्याशिवाय हिंसाचार नाही, असं तो कायदा म्हणत नाही. ते तुम्ही म्हणता. त्यात मारहाण आहेच. नवऱ्याने केलेली शरीराची जबरदस्ती आहे. मूल होत नाही, मुलगा होत नाही म्हणून घालूनपाडून बोलणं आहे, "तुझ्या भावाला बघून घेतो" ही धमकी आहे. आणि पैशाची नाकेबंदी आहे. पगार काढून घेणं, घरखर्च थांबवणं, तिचं स्त्रीधन परस्पर मोडणं, सगळं त्यात येतं. लग्नाची बायकोच पाहिजे असंही नाही. त्याच घरात राहणारी म्हातारी आई, बहीण, विधवा भावजय, लग्नाशिवाय एकत्र राहणारी बाई, या सगळ्या त्याखाली दाद मागू शकतात.

आता याच कायद्याचं चौथं कलम ऐका, ते तुमच्यासाठीच आहे. असा प्रकार झालाय, होतोय किंवा होण्याची शक्यता आहे असं ज्याला सकारण वाटतं, अशी कोणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. कोणीही. नातं लागत नाही. आणि चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर त्यासाठी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. "आपण कशाला मध्ये पडा" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर संसदेने दिलेलं आहे. तुम्ही धडा उघडला नाहीत, एवढंच.

डॉक्टरीणबाई, तू उभी राहा. तुझ्यावर माझा राग जास्त आहे, कारण तुला सगळ्यांत आधी दिसतं. तुझ्याकडे बाई येते, मनगट सुजलेलं. शेजारी नवरा. "कसं झालं?" हे तू तिला विचारतेस आणि सांगतो तो. "बाथरूममध्ये पाय घसरला." दोन महिन्यांनी कानाचा पडदा फाटलेला. तेव्हाही बाथरूमच. या गावातल्या फरश्या फक्त बायकांसाठीच निसरड्या आहेत का गं? नवऱ्याला बाहेर बसवायला तुला कोणाची परवानगी लागते? "तपासायचंय, तुम्ही बाहेर थांबा" हे वाक्य तू दिवसातून किती वेळा म्हणतेस! तेच म्हण, दार लाव आणि सरळ विचार, "घरी कोणी मारतं का?" पहिल्यांदा ती नाही म्हणेल. पुढच्या खेपेला पुन्हा विचार. तिने सांगितलं तर केसपेपरवर तिच्या शब्दांत लिही, कोणी, केव्हा, कशाने. जखम कुठे, किती लांब, कुठल्या रंगाची. उद्या कोर्टात बाई एका बाजूला आणि अख्खं सासर दुसऱ्या बाजूला उभं असेल तेव्हा तुझ्या त्या चार ओळी तिच्या बाजूने बोलतील. आणि गळ्यावर बोटांचे वळ दिसले, आवाज बसलेला असला, गिळताना दुखत असलं, तर गोळ्या देऊन तिला घरी पाठवायचं नाही. कधी बाहेरून काहीच दिसत नाही आणि आतली सूज काही तासांनी वाढते. ज्याने एकदा बायकोचा गळा दाबला त्याच्या हातून पुढे तिचा जीव जाण्याचा धोका फार मोठा असतो. हे तुला मी, एका इतिहासाच्या बाईने सांगावं?

वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' ही संस्था यांनी मिळून 'दिलासा' नावाचं केंद्र सुरू केलं, त्याला दोन दशकं उलटून गेली. बाई दुखणं घेऊन येते, नर्सला किंवा डॉक्टरला शंका येते, आणि त्याच आवारात तिला समुपदेशक भेटते. घरी "दवाखान्यात गेले होते" एवढं सांगितलं की पुरतं. तुझ्या दवाखान्यात केंद्र नाही, कबूल. बायकांच्या संडासात, दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवायला काय जातं? त्यावर दोन आकडे, महिला हेल्पलाइनचा 181 आणि पोलिसांचा 112. तिथे नवरा सोबत येत नाही.

बस. बँकवाले साहेब, तुम्ही. तिचं एटीएम कार्ड त्याच्या पाकिटात, पिन त्याला पाठ, आणि कर्जाच्या कागदांवर मात्र सही तिची. कुठे सही करायची तेही तोच बोट ठेवून दाखवतो. तुम्ही काउंटरवर बसून बघता आणि शिक्का मारता. कधी तिला एकटीला "मॅडम, हे कर्ज तुम्हालाच फेडावं लागेल, ठाऊक आहे ना?" एवढं तरी विचारलंत?

आणि आपले सोसायटीचे सेक्रेटरी! कोणाची गाडी पट्ट्याच्या बाहेर आली की नोटीस बोर्डावर. वरच्या मजल्यावर भांडी आदळतात, बाई ओरडते, मूल रडतं, त्याची नोटीस नाही. तेव्हा तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता. 2008 साली 'बेल बजाओ' नावाची मोहीम आली होती, टीव्हीवर जाहिराती लागायच्या. आतून मारहाणीचा आवाज येतो, शेजारचा माणूस जाऊन बेल वाजवतो आणि काहीतरी फालतू मागतो. तेवढ्याने हात थांबतो. तुम्हीही वाजवा. पाणी आलं का विचारा, मेंटेनन्सची पावती द्या, काहीही. एकट्याने जाऊ नका, आणि आत शस्त्र असेल, आगीची भीती असेल तर बेल सोडा, सरळ 112 लावा. फक्त एक अक्कल ठेवा. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये त्याला गाठून "काय हो, वहिनी सांगत होत्या" असं सुरू करू नका. तुम्हाला मर्दुमकी गाजवल्यासारखं वाटतं, दार बंद झाल्यावर मार तिला बसतो.

तुमची दुसरी एक खोड आहे. "पण बाई, माणूस चांगला आहे हो तो." मघाशी दोघांनी म्हटलं. का चांगला? गणपतीची वर्गणी देतो, वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, रक्तदान शिबिरात पुढे असतो. अरे, तो साहेबावर हात उचलतो का? ट्रॅफिक हवालदाराला लाथ घालतो का? तिथे त्याला राग आवरता येतो. मग घरीच तेवढा त्याचा ताबा सुटतो, हे तुम्ही कसं मानता? दारूचं कारणही मला सांगू नका. पिऊन सगळेच मारत नाहीत, आणि मारणारे कित्येक थेंबही घेत नाहीत. मारल्यावर तो रडतो, साडी आणतो, महाबळेश्वरला नेतो, तिथले फोटो तुम्हाला दिसतात आणि तुम्ही खाली बदाम टाकता. आठ-पंधरा दिवस बरे जातात. मग आमटीत मीठ कमी पडतं.

आता तुमचा आवडता प्रश्न. "एवढं आहे तर ती सोडून का देत नाही?" नेहमी तिलाच विचारायचा! तो मारणं का सोडत नाही, हे त्याला कोणी विचारलंय? ती जात नाही कारण मुलांची शाळा तिथे आहे. कारण हातात भाड्यापुरतेही पैसे नाहीत. कारण मागे एकदा ती माहेरी आली होती, तेव्हा आईने चार दिवस जेवूखाऊ घातलं, वडिलांनी चार शहाणी माणसं बोलावून बैठक बसवली, त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली आणि तिला ओटी भरून परत पाठवलं. तिने त्यातून काय शिकायचं? आणि आणखी एक, बाई घर सोडते तो काळच सगळ्यांत धोक्याचा असतो. ताबा सुटतोय असं दिसलं की तो चवताळतो. तिला ते तुमच्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून ती वेळ बघत असते आणि तुम्ही तिला भित्री म्हणता.

आकडे हवेत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातल्या 18 ते 49 वयाच्या लग्न झालेल्या बायकांपैकी साधारण चौघींत एकीने नवऱ्याकडून मारहाण किंवा जबरदस्ती झाल्याचं सांगितलं. हे दारात आलेल्या अनोळखी बाईला सांगितलेलं. देशभरात मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्यांपैकी मदत मागायला गेलेल्या अवघ्या 14 टक्के. बाकीच्या का गेल्या नाहीत, याचं उत्तर त्याच पाहणीत सापडतं. काही कारण असेल तर नवऱ्याने मारणं योग्य, असं 45 टक्के बायका म्हणाल्या आणि 44 टक्के पुरुष. ज्यांच्याकडे दाद मागायची त्यांच्यातल्या जवळजवळ निम्म्यांना वाटतं, काहीतरी केलं असेल हिने!

पुण्यात 1982 साली मंजुश्री सारडा गेली. तुमचा जन्म व्हायचा होता. लग्नाला काही महिने झाले होते. बहिणीला आणि मैत्रिणीला तिने पत्रं लिहिली होती, त्यात आपलं दुःख कळवलं होतं. नवऱ्यावरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1984 मध्ये तो निर्दोष सुटला. निकाल निकालाच्या जागी, त्यावर मी बोलत नाही. पण ती पत्रं तुम्ही विसरू नका. बाई सांगते. बहुतेक वेळा सांगतेच, आडून, अर्धवट, "कोणाला बोलू नकोस" म्हणत. त्या काळात पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणींनी नारी समता मंच काढला, 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन घेऊन गावोगाव हिंडल्या, आणि अशा बायकांसाठी जे केंद्र चालवलं त्याचं नाव ठेवलं 'बोलते व्हा'. बायका बोलायला लागल्या. ऐकणाऱ्यांचं काय?

नीट ऐकायचं कसं, तेही तुम्हाला शिकवावं लागणार, कारण तुम्हाला सल्ल्याची खाज आहे. ती बोलायला लागली की "तू पण जरा कमी बोलत जा" म्हणायचं नाही. "माझ्या नणंदेचं तर यापेक्षा वाईट होतं" म्हणून दुसरी गोष्ट सुरू करायची नाही. "आजच्या आज बाहेर पड" असा हुकूमही सोडायचा नाही. घरात एक हुकूम सोडणारा आहे तेवढा पुरे. म्हणायचं ते एवढंच, की माझा तुझ्यावर विश्वास आहे, यात तुझी चूक नाही, तुला माझ्याकडून काय हवंय? मग ती मागेल ते करायचं. तिच्या आधारकार्डाची, पासबुकाची, रेशनकार्डाची, मुलांच्या जन्मदाखल्यांची, दागिन्यांच्या पावत्यांची एक प्रत आपल्या कपाटात ठेवायची. दोन कपडे आणि थोडे पैसे असलेली पिशवी ठेवायची. एखादा साधा शब्द ठरवायचा, तो फोनवर आला की प्रश्न न विचारता पोलिसांना कळवायचं. आणि ती परत गेली, एकदा नाही, चार वेळा गेली, तरी "आता आमच्याकडे येऊ नकोस" म्हणायचं नाही. त्याला तेच हवं असतं.

पुढची दारं कुठली आहेत तेही लिहून घ्या. महिला आणि बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी असतात, घडल्या प्रकाराचा अहवाल ते दंडाधिकाऱ्यांकडे देतात. अशा बायकांना एकाच छताखाली मदत देणारी 'सखी' केंद्रं आहेत. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, तसे कक्ष आज राज्यात ठिकठिकाणी आहेत, आणि तिथे पोलीस नव्हे, समाजकार्य शिकलेली माणसं बसतात. वकिलाला पैसे नाहीत म्हणून कोणी अडायचं कारण नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण बाईला फुकट वकील देतं, तिचं उत्पन्न कितीही असो. दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज गेला की पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत पडावी, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, मला कोर्ट ठाऊक आहे, म्हणून तर सोबत जाणारं माणूस लागतं. दंडाधिकाऱ्यांनी दिलेला संरक्षणाचा आदेश त्याने मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सासरच्या छळाच्या जुन्या 498-अ कलमाची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 85 व्या कलमाने घेतली आहे, पोलीस ठाण्यात जाताना हे माहीत असू दे. आणि "घर सासऱ्याच्या नावावर आहे, हिला काढली बाहेर" ही धमकी तशी चालणार नाही. ती ज्या घरात नांदते तिथे राहण्याचा तिला हक्क आहे, घर सासऱ्याच्या मालकीचं असलं तरी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलंय.

मघापासून काही जणांनी मान खाली घातली आहे, ती मला दिसतेय. चौघींत एक, हा आकडा इथल्या घरांना लागू होत नाही असं समजायला मी खुळी नाही. ज्याचा हात घरी उठतो त्याला सांगते. कारणं माझ्याकडे घेऊन येऊ नकोस. बायकोने "तसं करायला भाग पाडलं" हे वाक्य माझ्यासमोर उच्चारू नकोस. समुपदेशकाकडे जा, स्वतः होऊन जा, आणि तोवर तिला माहेरी जायचं असेल तर दारात आडवा उभा राहू नकोस.

राहिले भाऊ. बहिणीच्या दंडावरचे डाग बघून सगळ्यांत मोठ्याने हळहळणारे तुम्ही. राखीला पाकीट, दिवाळीला साडी. पण महाराष्ट्राने 1994 पासून आणि सगळ्या देशाने 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा वाटा दिलाय, आणि तुमच्यातल्या किती जणांनी बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली? चहा पाजलात, रिक्षाचे पैसे दिलेत, "तू तरी कुठे येणार आहेस शेती करायला" म्हणालात. तिचा नवरा हे ओळखून असतो. हिला परत जायला हक्काची वीत नाही, हे ज्या दिवशी त्याला कळतं त्या दिवसापासून त्याचा हात मोकळा सुटतो. तेव्हा माझ्याकडे शाल घेऊन येऊ नका. सोमवारी तलाठ्याकडे जा, सातबारा काढा, बहिणीचं नाव त्यावर आहे का ते बघा. नसेल तर ते कधी आणि कोणी कमी केलं, हे तिला फोन करून सांगा. तिचा फोन स्पीकरवर असेल, तर असू दे. त्यालाही ऐकू दे, की नाव परत लागतंय.